तेंदूच्या दिवसांतली सभा

सभेची तारीख मीच ठरवली. अध्यक्ष मी, तर दुसरं कोण ठरवणार? पिंकी, माझी सून, नोटीस लिहायला बसली होती. तिने मान वर केली.

"आई, तेंदूपत्त्याची फळी लागली आहे, तोडणीचे दिवस आहेत. सुकरीबाई पहाटेच जंगलात जाते. कोरम कसा होईल?"

"तू लिही. बारावी शिकली म्हणून मले शिकवू नको."

कोरमचं मला चांगलं माहीत होतं. मला वाचता येतात जेमतेम चार अक्षरं, पण संस्थेच्या नोंदणीपायी चंद्रपूरच्या धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या मीच झिजवल्या, आणि नियम वकिलाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले. सातजणींची कमिटी, त्यातल्या चौघी हजर पाहिजेत. नसल्या तर अर्धा तास थांबायचं. मग जितक्या असतील तितक्यांत सभा भरते आणि कोणाला बोंब मारता येत नाही. कमिटीतल्या चौघी तेंदू तोडणाऱ्या, सुकरी त्यांतलीच. उरलो मी, पिंकी आणि बांगड्या विकणारी कनीज.

विषय एकच होता. सचिव बदलणे. सुकरीच्या जागी पिंकी. नोटिशीत तो होताच, पण सुकरीला वाचता येत नाही.

सुकरीने काय बिघडवलं होतं माझं? आमच्या संस्थेचं पाळणाघर आहे, रानात जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी. नागपूरचे पाहुणे येतात, चहा माझ्या घरचा पितात आणि बोलायला सुकरीजवळ जाऊन बसतात. ती बायांशी गोंडीत बोलते, एकेका लेकराचं नाव सांगते. मागच्या खेपेला एका पाहुणीने मलाच विचारलं, "सुकरीताई कुठे आहेत? संस्था त्याच चालवतात ना?" त्या पाहुणीसाठीच आणलेला चहा माझ्या हातात होता. तेव्हापासून सुकरी माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

सभेच्या दिवशी सकाळी पाळणाघराच्या ओसरीवर आम्ही तिघीच.

"चौघी नाईत. सभा तहकूब," मी म्हटलं. "अर्ध्या तासानं भरवू."

"क्या बाई," कनीज म्हणाली, "बाकीच्या कुठी हायेत ते काय तुमाले माहीत नाई? त्याहीचेच लेकरं तर आतमंदी झोपून राह्यले."

"तुले बांगड्या विकायची घाई आहे काय? बस चूपचाप."

ती बसली, पण माझ्यावरची नजर काढेना. आत झोळीत सुकरीची नात मुठी वळून झोपली होती. मी तिकडे पाठ करून बसले.

अर्धा तास भरतच आला होता, तेवढ्यात सुकरी आली. धावत. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातांवर ओरखडे, ओच्यात पानं तशीच.

"बाकीच्याहीले नाई जमलं, केसरबाई," ती धापा टाकत म्हणाली. "म्या म्हटलं, चार तरी झाल्या पायजे. तुही सभा रिकामी गेली त लोक तुले हासतीन."

मला हसतील म्हणून ती दिवसाची कमाई झाडावर सोडून आली होती. विषय तिथेच मागे घेता आला असता. मी पिंकीला वाचायची खूण केली. पिंकीने विषय वाचला. सुकरीचं नाव आलं तेव्हा तिचा आवाज खाली गेला.

सुकरी माझ्याकडे वळली. "काऊन वं? माझं काई चुकलं काय?"

"तुले लिहिता नाई येत. सचिवाले लिहावं लागते."

"तुले तरी कुठी येते?"

कनीज तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर मीही हसले असते.

"हात वर करा," मी म्हटलं आणि माझा केला. पिंकीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले, तेव्हा तिचाही हात कसाबसा वर आला. विरोधात कनीज एकटी.

"सुकरी, तूबी कर ना हात वर," कनीज म्हणाली. "बराबरी होईल."

"सोताच्याच जागेसाठी म्या कसा हात वर करू? शरम लागते."

ठराव मंजूर झाला. सुकरीने त्याखाली सही केली. तेवढी येते तिला. नोंदणीच्या वेळी मीच हात धरून शिकवली होती.

पायरी उतरता उतरता ती थांबली. "केसरबाई, तूबी माझ्यासंग पानं तोडले. फळीचे दिवस ध्यानात नाई राह्यले काय?"

तिने मला सुटायला वाट करून दिली होती. नाही राहिले म्हटलं असतं तर तिने ते मानलंही असतं.

"ध्यानात होते," मी म्हटलं.

तिने मान हलवली. झोळीत एकदा डोकावली आणि जंगलाच्या रस्त्याला लागली. आता धावत नव्हती.

"फाड ते पान," मी पिंकीला म्हटलं.

"सभेच्या वहीचं पान नाही फाडता येत, आई. नवीन सभा बोलवावी लागेल. आधी नोटीस."

"मंग लिही नोटीस. फळी संपल्यावरची तारीख टाक."

"विषय?"

"आजचा ठराव रद्द करणे." पेन वहीवरच थांबलं होतं. "दुसरा लिही. नवीन अध्यक्ष निवडणे."

पिंकी लिहीना. "आई, रागात बोलून राह्यल्या तुमी."

"लिही म्हटलं ना. सुकरीच्या घरी मी सोता नेऊन देतो."

कनीजने टोपली डोक्यावर घेतली. "मी येईन, बाई. सुकरी येते का नाई, ते तुमी पाहा."

पिंकी नोटीस लिहायला लागली, तशी मी झोळीकडे तोंड करून बसले.