सरस आणि सरेस

बकुळाआत्या नियामत मिस्त्रीला राखी बांधायची. आत्याचे यजमान तानाजीराव आणि नियामत झाशीला रेल्वेच्या डबे बांधायच्या कारखान्यात एकाच बाकावर सुतारकाम करत. तानाजीराव गेले तेव्हा खांद्याला पहिला माणूस नियामत आला. आमचे भाऊबंद मुहूर्त विचारत बसले होते. म्हणूनच नियामतच्या घशात गाठ झाली तेव्हा रेल्वेच्या इस्पितळात त्याच्या उशाशी आत्या बसली. लोक बोलले. बोलू देत.

पाणी पाजलं की ठसका, दूध पाजलं की जीव घाबरा. डॉक्टरनं विलायती डब्यातल्या भुकटीची लाल जेली बर्फात थिजवून द्यायला लावली. ती मात्र अलगद उतरली. दोन चमचे गेल्यावर नियामत म्हणाला, "बहन, ये बनती काहे की है? ज़रा पूछ तो."

डॉक्टर खेकसला, "दवाई का मज़हब नहीं होता!"

वा रे वा! याच रेल्वेच्या फलाटावर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. पाण्याला धर्म आहे, जेलीला नाही.

कंपाउंडर हसत म्हणाला, "अरे बाई, साफ किया हुआ सरेस समझो."

आत्याच्या मराठी कानाला ऐकू आलं 'सरस'. ती हरखून धावत आली. करवतीच्या आवाजानं नियामतचे कान कधीच गेले होते, म्हणून ओरडून म्हणाली, "भैया, सरस आहे! एकदम सरस!"

नियामतनं चमचा खाली ठेवला. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून, चिकटल्यासारखं करून दाखवलं. तेव्हा आत्याला कळलं. लाकूड जोडायचा सरस! मेल्या जनावरांची कातडी नि हाडं उकळून काढलेला. त्याचा वास नियामतनं उभा जन्म घेतला होता.

"किस जानवर की हड्डी? किसने काटा, कैसे काटा? कौन बताएगा, बहन?"

डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

आत्या सीपरी मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जान जा रही हो और दूसरी चीज़ न मिले, तो गुनाह नहीं. मगर मिलती हो, तो पहले वो ढूँढो."

आत्यानं ढूँढलं. बडा बाजारातल्या वाण्यानं चायना ग्रास दिलं. समुद्रातलं शेवाळ ते, ना हाड ना कातडं. तिनं साखर घालून शिजवलं, वाटीत थिजवलं, लुगड्याच्या पदराखाली झाकून पळत आणलं.

तोवर नियामतचे डोळे अर्धे मिटलेले. पोटात तिसऱ्या दिवशीही काही नाही. आत्यानं चमचा ओठाशी नेला. गोळा थरथरला.

"भैया, खा. हा सरस नाही! सरस नाही रे!"

त्या फुटक्या कानांत एकच शब्द शिरला: सरस. नियामतनं ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

"अरे, ऐक तरी! गवत आहे, घास है, घास!" आत्या त्याच्या कानाशी ओरडत राहिली. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "माई, अब चिल्लाओ मत. वो गए."

दुपारी त्याला नेलं. झाशीचं ऊन. कपाटावरची इस्पितळाची जेली केव्हाच पाणी होऊन सांडली होती. आत्याच्या वाटीतली तशीच घट्ट उभी होती.