घोडा चावतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. नाव ऐकून दचकू नका. मी कधी कुणा माणसावर रोखला गेलो नाही. माझे सारे आयुष्य नेमबाजीच्या मैदानात कागदी चकत्यांना भोके पाडण्यात गेले. एरवी मी लोखंडी कपाटात कुलूपबंद असतो आणि तिथेच बरा असतो.

कारखान्यात पोलादाचा ठोकळा कापून, घासून माझे अंग घडले. मुठीला अक्रोडाचे लाकूड बसले. बोटाने ओढतात तो माझा चाप आणि पाठीमागे शिंगासारखा वर आलेला तो माझा घोडा. गोळी सुटली की माझा वरचा भाग झटक्याने मागे येतो आणि घोड्याला खाली दाबतो. पापणी लवायच्या आत हे सारे होते. धरणाऱ्याचा हात फार वर असला, तर अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी घोडा आणि मूठ यांच्यामध्ये चिमटली जाते. यालाच नेमबाज 'घोडा चावला' म्हणतात.

माझे मालक छापखान्यात यंत्र चालवत. त्यांचा पंजा रुंद आणि मांसल होता, त्यामुळे मी त्यांना नेहमीच चावे. ते रुमालाने रक्त टिपत आणि म्हणत, "चावल्याशिवाय ओळख पटत नाही." त्यांनी माझ्या साथीने बरीच पदके मिळवली. लोक त्यांच्या नेमाचे कौतुक करत आणि माझ्याकडेही आदराने पाहत. पुढे मात्र त्यांच्या गोळ्या भरकटू लागल्या. "डोळे गेले आता," असे म्हणून त्यांनी मला पेटीत ठेवले. माझ्या अंगातले तेल सुकून चिकट झाले. वर्षे गेली.

मग त्यांची मुलगी नेमबाजी शिकू लागली. तिचे शिवणकामाचे छोटे दुकान होते. वडिलांनी मला मोठ्या हौसेने पुसून तिच्या हाती दिले. पण तिचा पंजा थेट बापावर गेलेला. पहिल्याच दिवशी घोडा चावला. तिने पट्टी बांधली. पुढच्या वेळी पट्टीसकट चावला.

त्यानंतर चाप ओढण्याआधीच ती डोळे मिटू लागली आणि तिच्या गोळ्या खाली जाऊ लागल्या.

"नेम छान धरतेस," प्रशिक्षक म्हणाले, "पण ऐन वेळी हात आखडतेस. भीती वाटते का?"

"वाटते ना. चावतं ते."

"मग हात जरा खाली धरून बघ. आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मागून आडवा नको, बाजूला ठेव."

तिने तसे केले. पण खाली धरल्यावर मी हातात उसळू लागलो आणि लक्ष चकतीवर गेले की तिचा हात नकळत वर सरके. शेवटी प्रशिक्षक म्हणाले, "तुझ्या हाताला हे असं जमणार नाही. मुठीच्या वर मागे आलेली ही पोलादी शेपटी लांब करून घे आणि घोड्याचं शिंग कमी करून घे."

शेजारी बाकावर बसलेले वडील ताठ झाले. "त्याला कानस लागणार नाही. मी जन्मभर असंच चालवलं."

मुलीने सराव तसाच चालू ठेवला. पुढच्या सरावात घोडा असा चावला, की टाके घालावे लागले.

वडील चहा घेऊन दुकानात गेले, तेव्हा ती नवरीच्या पोशाखाचे कापड डाव्या हाताने कापत होती. कात्री वेडीवाकडी जात होती. (हे त्यांनी पुढे पिस्तूल दुरुस्त करणाऱ्याला सांगितले, तेव्हा मी ऐकले.)

"उजवा हात का नाही वापरत?"

"टाका उसवला तर कापडावर रक्त पडेल, बाबा. परवा द्यायचंय हे."

वडिलांनी चहा बाजूला ठेवला. "खडूच्या रेघेवरून कापायचं ना? आण इकडे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रिकामे करून, पुन्हा एकदा तपासून, स्वतः दुरुस्तीवाल्याकडे नेले.

"रूप थोडं बदलेल बरं का," दुरुस्तीवाला म्हणाला.

"बदलू दे. पोरीचा हात वाचला पाहिजे."

शिंग घासून घोडा आखूड, गोल झाला. मागे लांब शेपटी आली. आता अंगठ्याचे बेचके त्या शेपटीखाली सुखरूप राहते. मुलीची जखम भरली, पण भीती लगेच गेली नाही. प्रशिक्षकांनी तिच्याकडून रिकाम्या पिस्तुलावर पुष्कळ सराव करून घेतला. हळूहळू तिचे डोळे उघडे राहू लागले आणि भोके चकतीच्या मधोमध येऊ लागली.

एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, आज तुम्ही."

"मला दिसत नाही गं."

"दिसेल तेवढं बघा."

त्यांनी मला धरले. चाप ओढला. चावा बसेल म्हणून त्यांचे खांदे आवळले होते, पण काहीच झाले नाही. हळूहळू खांदे सैल झाले. गोळ्या संपल्यावर चकती जवळ आणली, तर शेवटची भोके एकमेकांना चिकटून होती. त्यांनी ती बोटाने चाचपली.

"डोळे गेलेच नव्हते," ते म्हणाले. "हात भ्याला होता."

मुलीने दुसरी चकती लावली.

मित्रांनो, माझ्यासारखे हत्यार कुठे दिसले, तर हात लावू नका, मोठ्यांना बोलवा. पण कात्री असो, सुरी असो की सायकल, एखादी वस्तू तुम्हाला पुन्हा पुन्हा लागत असेल, तर मुकाट्याने सोसू नका. कसे धरायचे ते विचारा. तरीही लागत असेल, तर वस्तू बदलून घ्या. पोलाद घासून बेतता येते, हात नाही.