पुढचं वीस, मागचं वीस

जावयाच्या गाडीला हात लावू नका, असं सिंधूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोनदा बजावलं होतं. पण तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला गाडीतलं कुणी शिकवू नये, असा माझा स्वभाव. तोच नडला.

धोंड्याच्या महिन्यात लेक सुकन्याला आणि जावई भागवतरावांना अहमदपूरला जेवायला बोलावलं होतं. भागवतरावांनी आठ वर्षं मोटारसायकलवर काढून ही नवी गाडी घेतलेली. पुसायलाही स्वतःचा रुमाल वापरतात. पुरणाचे धोंडे जेवून ते आडवे झाले आणि मी किल्ली उचलली. गाडी धुऊन आणावी, जावयाचा तेवढाच मान.

धुताना बॉनेट उघडलं. ऑइलची पट्टी ओढून बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ. बेचाळीस डिग्रीत हे टिकणार कसं? चष्मा घरी राहिला होता, तरी ऑइलच्या झाकणावरचा वीसचा आकडा मला दिसला. म्हणजे कंपनी वीसचं टाका म्हणते, आणि कुणीतरी माझ्या भोळ्या जावयाला पाणी भरून दिलं. माझं डोकंच फिरलं. तसाच नागप्पाच्या गॅरेजवर गेलो. त्याच्याकडं ट्रॅक्टर आणि जुन्या जीपा येतात.

"नागप्पा, जुनं काढ. वीसचं भर."

"उस्ताद सांगतात म्हणजे झालं."

ऑइलच्या जाडीचे दोन आकडे असतात, मोठा आकडा म्हणजे जाड ऑइल; आमच्याकडं त्यातला पुढचाच बोलतात. वीस-पन्नासला वीस, पंधरा-चाळीसला पंधरा. जाड, चिकट ऑइल आत उतरताना बघून मला समाधान वाटलं.

निघताना चावी फिरवली आणि इंजिन खडखडलं. दोनच सेकंद, पण माझ्या कानांना तेवढं पुरे होतं. घरासमोर गाडी लावून चष्मा आणला, झाकण पुन्हा वाचलं. शून्य, डब्ल्यू, वीस. वीस होतं, पण मागं होतं.

नागप्पाला फोन लावला. "वीस पुढं असतंय का मागं?"

"पुढचा आकडा थंड इंजिनाचा, मागचा तापल्यावरचा. मी वीस-पन्नास भरलंय. झाकणावर काय हाय?"

"शून्य-वीस."

"उस्ताद, मी बी बघाया पाहिजे होतं. नव्या इंजिनातल्या वाटा लई बारीक असतेत. एवढं जाड ऑइल वेळेवर पोचत न्हाई. लगेच काई व्हायचं न्हाई, पण चालवत राहिलं तर घासतंय."

"मग बदल की आत्ताच."

"ते माझ्याकडं न्हाई. लातूरहून आणावं लागंल. आज आइतवार, दुकानं बंद."

साडेचार वाजले होते. पाचला ते नांदेडला निघणार होते. गप्प बसावं, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. कुणाला कळणार होतं? पण वाटेत लोह्याच्या अलीकडं, भर उन्हात, गाडी बंद पडून सुकन्या रस्त्यावर उभी आहे, हेच डोळ्यापुढं येत होतं. पुढं जन्मभर तिला 'तुझ्या बापानं' ऐकावं लागलं असतं.

आत गेलो. सिंधू डब्यात अनारसे भरत होती.

"भागवतराव, तुमच्या गाडीत मी चुकीचं ऑइल भरलंय." नागप्पाचं बोलणंही सगळं सांगितलं.

जावई उठले. बाहेर गेले, रुमाल काढला, बॉनेटवर नसलेला डाग पुसला.

"गाडी राहू द्या, मामा. आम्ही एसटीनं जातो. ऑइल बदललं की फोन करा."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती. जावई मांडीवर अनारशाचा डबा धरून बसले. सुकन्या खिडकीतून म्हणाली, "आबा, चष्मा लावत जावा." तेवढ्यात ड्रायव्हर शेषेराव माझ्या पाया पडायला खाली उतरला. एकेकाळी माझ्याच हाताखाली तयार झालेला.

"पाव्हणं, तुमच्या सासऱ्यासारखा ड्रायव्हर न्हाई मराठवाड्यात," तो जावयाला म्हणाला. "गाडीतलं लई कळतंय उस्तादांना."

"हाव," भागवतराव म्हणाले. "आजच बघितलं."

गाडी हलली. जावई हसले होते की नाही, तेवढं बघायला मी मान वर केली नाही.