जेराम नाचतो

मोरबीच्या त्या लादीच्या कारखान्यात अमृतभाईनं ज्याच्या ताकात एरंडेल घातलं नाही असा माणूस शोधून सापडला नसता. पण लाद्या तपासणाऱ्या जेरामचा फॉर्म त्यानं भरला आणि पहिल्यांदाच चेष्टा त्याच्यावरच उलटली.

शेठनी बोलावलं म्हणून अहमदाबादहून ऋत्वीबेन आल्या होत्या. कोण कसा विचार करतो ते चाळीस प्रश्नांतून काढायचं आणि ज्याला त्याला योग्य जागी बसवायचं. जेराम चष्मा घरी विसरला होता. "तूच भर रे," अमृतभाईला म्हणाला. भरला. अडचण आली की काय करता? नाचतो. रिकाम्या वेळी? नवीन युक्त्या काढतो. स्वतःच्या फॉर्मवर अमृतभाईनं कंटाळून सगळीकडे 'नीट तपासतो' लिहून टाकलं.

आठ दिवसांनी जेरामच्या खिशावर लाल बिल्ला, 'कल्पक'. रवानगी वर, काचेच्या खोलीत, नव्या कल्पना काढायला. अमृतभाईला हिरवा, 'चोखंदळ'. तो जेरामच्या टेबलावर.

बावीस वर्षं जेराम भट्टीतून आलेली लादी बोटानं वाजवायचा आणि आतली चीर त्याला ऐकू यायची. अमृतभाईला सगळ्या सारख्याच वाजायच्या. रंगात फरक असला तर तेवढा लांबून दिसायचा. चौथ्या दिवशी त्याचं बोट बधिर झालं, मग हळूहळू तोही.

त्यात शेठ म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत जेरामनं एकही कल्पना दिली नाही, तर घरी."

अमृतभाई वर गेला. जेराम मोकळ्या टेबलासमोर बसून टेबलच वाजवत होता.

"फॉर्म मी वाकडा भरला."

"माहीत आहे. नाचतो असं दुसरं कोण लिहिणार?"

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बस म्हणाले. बसलो."

अमृतभाईनं ऋत्वीबेनना सगळं कबूल केलं. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आपला फॉर्म दुसऱ्याला भरू देणं, हीसुद्धा विचार करायची एक पद्धतच आहे, अमृतभाई." बिल्ले तर छापून झाले होते.

मग त्यानं एक कोरा कागद घेतला. 'टेबल एक, माणसं दोन. एक बघणारा, एक ऐकणारा. एकाला रंग कळतो, एकाला चीर.' खाली जेरामची सही ठोकून कागद शेठकडे दिला.

"बघा, लाल बिल्ला बोलला," ऋत्वीबेन म्हणाल्या.

सोमवारी दोघं एका टेबलावर.

"या कागदात मी नाचतो का?" जेरामनं विचारलं.

"नाही."

"मग ठीक."

जेरामनं एक लादी वाजवली आणि बाजूला सारली. अमृतभाईनं ती निरखली. दिसायला चांगली होती. दोन्ही हातांनी जरा दाबली, तर मधोमध दोन तुकडे झाले.

एरवी तो पोट धरून हसला असता. त्यानं पुढची लादी उजेडात धरली.