उलटे धरलेले बूट

अमेरिकेतल्या वाळवंटी फिनिक्स शहरात आल्यापासून मार्लाने उन्हाचा नाही, विंचवांचा धसका घेतला होता. त्यापायीच तिने दोन वसाहती नाकारल्या होत्या.

"असंच चाललं तर ढगात घर घ्यावं लागेल," नवरा कीथ गाडीत म्हणाला.

तिसरी वसाहत वाळवंटाला अगदी खेटून होती. घर कोरं करकरीत, गालिचा पांढराशुभ्र. म्हणून घर दाखवणाऱ्या रॉबर्टाबाईंनी सगळ्यांना बूट बाहेर ओसरीवरच काढायला लावले. मार्लाने एकूण एक कपाट उघडायला लावलं, न्हाणीघराच्या जाळीतही वाकून पाहिलं.

"इथे विंचू?" रॉबर्टाबाई हसल्या. "अहो, मी पलीकडच्याच गल्लीत राहते. आजवर एक जरी दिसला असेल तर शपथ."

मार्लाच्या जिवात जीव आला. "हेच घेऊया," ती स्वतःहून कीथला म्हणाली. मोकळ्या मनाने ओसरीवर येऊन तिने बुटांत पाय सरकवले आणि नाड्या घट्ट बांधल्या.

मागून रॉबर्टाबाई स्वयंपाकघराच्या ओट्याचं कौतुक करत आल्या. बोलता बोलताच त्यांनी आपले बूट उचलले, उलटे धरून पायरीवर दोनदा आपटले, आत डोकावून पाहिलं आणि मगच पायात घातले. रोज दात घासावेत इतक्या सहज.

बुटांकडे गेलेला कीथचा हात तिथेच थांबला.

मार्ला आपल्या बांधलेल्या नाड्यांकडे पाहत राहिली. आत बोटं हलवून बघायची तिची छाती होईना.