नदीपलीकडे न पोहोचलेला बूट

मी एक जुना डावा बूट आहे. मित्रांनो, उजव्याचं काही ऐकू नका. त्या दिवशी तो सुखरूप पलीकडे पोहोचला होता. त्याला काय कळणार.

आम्हा दोघांना एकाच कातड्यातून कापलं होतं. आमचे मालक निवृत्त बसड्रायव्हर. "आयुष्यभर बसून काढलं, आता चालतो," असं दुकानदाराला सांगून त्यांनी आम्हाला घेतलं आणि नर्सची नोकरी संपलेल्या बायकोबरोबर डोंगरापासून समुद्रापर्यंत पायी निघाले.

देवदारांखालून, ओसाड माळांवरून आम्ही चाललो. ससे आम्हाला पाहून पळत. वर चंडोल गात.

"ऐक, ऐक," मालक म्हणत.

"तुम्ही गप्प बसलात तर ऐकू येईल," बाई म्हणत.

मुक्कामाला पोहोचलं की मालक आधी आम्हाला मेण चोळत, मग बाईंची चौकशी करत. त्यामुळे घरात आपला नंबर कितवा, याबद्दल मी अगदी निश्चिंत होतो.

ओढा आला की मालक आमच्या नाड्या एकमेकांना बांधून आम्हाला पलीकडे फेकत.

"अहो, गळ्यात अडकवा की."

"आधी सामान, मग प्रवासी. वाहतुकीचा नियम आहे."

समुद्राच्या अलीकडच्या रुंद नदीवर नियम मोडला नाही, गाठ सुटली. उजवा गवतात पडला. मी मधल्या खडकावर आपटलो. तिथे एक पाणमांजर मासा खात होतं. त्याने मला हुंगलं आणि अर्धा मासा टाकून ते निघून गेलं. मी सुन्न झालो.

तेवढ्यात बाई पाण्यात उतरल्या. त्यांनी मला पकडलं आणि त्यांचा पाय घसरला. आम्ही दोघं वाहू लागलो.

"सोड तो बूट," मालक काठावरून ओरडले. "अगं, बूट सोड."

मित्रांनो, हे माझ्याबद्दल. रोज मेण लावणाऱ्या माणसाकडून.

बाईंनी सोडलं नाही. पोहता न येणारे मालक छातीभर पाण्यात घुसले आणि लव्हाळ्याला धरून त्यांनी बाईंना ओढून घेतलं. दोघं चिखलात बसून राहिले.

"सोड म्हटल्यावर सोडायचं असतं," ते म्हणाले.

"आणि पुढे समुद्रापर्यंत तुमच्या अनवाणी पायाचं रडगाणं कोण ऐकणार होतं?"

मालक हसले नाहीत. बाईंचे गार पडलेले तळवे मांडीवर घेऊन चोळत बसले. मी शेजारी उलटा पडलो होतो. माझ्यातलं पाणीसुद्धा कोणी काढलं नाही.

मित्रांनो, बूट जपा, वेळेवर वाळवा, गाठ नीट मारा. पण आपलं माणूस पाण्यात असेल, तर बूट सोड म्हणायला अजिबात संकोचू नका. आम्हाला धक्का बसतो. तो आमचा आम्ही सोसतो.