आधी आठ, नंतर पाच

वजनकाट्याचं प्रशिक्षण नीट पार पडलं, तर माझी नोकरी कायम होणार होती. साबणाच्या कारखान्यात वजन करणाऱ्या दहा जणींना मी दोन तास शिकवलं: त्रुटी, अनिश्चितता, प्रमाण विचलन, सगळं. माझं कर्तृत्व आकड्यांत दिसावं म्हणून एकच चाचणी आधी आणि नंतर घ्यायची, ही कल्पनाही माझीच.

आधीची सरासरी दहापैकी आठ आली. नंतरची पाच. मी बेरीज तीनदा तपासली.

"मावशी, वजनाआधी काय करायचं, हे तुम्ही सकाळी बरोबर लिहिलं होतंत की!"

"रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा. वीस वर्षं तेच करतेय," सर्वांत जुन्या मावशी म्हणाल्या. "पण तू एवढा घसा कोरडा केलास, म्हटलं उत्तर इतकं सोपं कसं असेल?"

आकडे लपवणं काही जमेना. मी दोन्ही सरासऱ्या साहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी माझं कायम होणं तीन महिने पुढे ढकललं आणि मला प्रशिक्षणाला पाठवलं, मावशींकडेच.

पहिल्याच दिवशी मी भांडं ठेवलं आणि काटा शून्यावर न आणताच साबण ओतला.

"असू दे," मावशी म्हणाल्या. "ही आधीची चाचणी."